वालाच्या दिवसांतला टीव्ही

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण भर उपासनेत, अंगात पांढरा झगा असताना, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून केलेला मूर्खपणा तो एकच. एका रविवारी मी टीव्हीला सैतान म्हटलं आणि त्याला घरातून काढा, असं सांगितलं. सांगताना मी हात वर केला होता, हेही मला आठवतं. त्याची मला खंत नाही. पाळक लोक उपदेशात बरंच काही सांगतात आणि ऐकणारे शहाणपणानं त्यातलं फारसं करत नाहीत, म्हणून तर मंडळ्या टिकून आहेत. माझी चूक अशी झाली की, एका बाईनं माझं ऐकलं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे पोपटी. काल संध्याकाळी घरामागच्या शेतातून तो वास आला. भांबुर्ड्याचा पाला, त्यात कोंबलेल्या वालाच्या शेंगा, उपडं घातलेलं मडकं आणि भोवती पेटवलेला पेंढा. पेणमध्ये थंडी पडली हे मला अंगाला कधीच कळत नाही, नाकाला कळतं. मी खिडकीत उभी राहून वास घेत होते, तेवढ्यात आत मायलेकींची जुंपली. नात मोबाइल सोडत नव्हती. माझी लेक मला म्हणाली, "आई, तू सांग ना तिला. तू तर पाळक होतीस."

पाळक होते म्हणूनच तर मी काही सांगत नाही. मी नातीशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "काय बघतेस गं?" तिनं दाखवलं. कुठल्याशा गावातली एक म्हातारी चुलीवर मासे तळत होती. आम्ही दोघींनी ते मासे होईपर्यंत बघितले. लेक कपाळाला हात लावून आत गेली. मला हसू आलं, कारण तिच्या जागी मला मीच दिसले, तीस वर्षांपूर्वीची. तीसुद्धा अशीच होती, फक्त हात कपाळाला लावण्याऐवजी वर करायची.

ती बाई, म्हणजे मी, तेव्हा चाळिशीला टेकलेली होती. पुण्याला धर्मशास्त्र शिकून नुकतीच पाळक झालेली. यांना डोलवीच्या कंपनीत काम मिळालं म्हणून आम्ही पेणला आलो आणि पेण-रोह्याची मंडळी माझ्या पदरात पडली. पेणमधली अकरा घरं, रोह्याची चार. बाई पाळक झालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मला 'पाळकबाई' म्हणताना त्यांची जीभ जरा अडखळायची. ते अडखळणं मी आदर समजत होते.

उपासना एका शाळेच्या वर्गात व्हायची. माझ्या पाठीमागे फळ्यावर पाढे आणि समोर खिडकीबाहेर गणपतीचा कारखाना. थंडीत तिथे पुढच्या वर्षाच्या मूर्ती अंगणात वाळायला ठेवलेल्या असत. पांढऱ्या, अजून डोळे न आखलेल्या. उपदेश लांबला की माझी मंडळी खिडकीतून त्या मूर्ती मोजायची. एकदा मी पवित्रीकरणावर पाऊण तास बोलले. बाहेर पडताना एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "एकशे चौदा." मला वाटलं, स्तोत्राचा क्रमांक आहे.

तर त्या नोव्हेंबरात मी मालिका, सिनेमा आणि गाणी या सगळ्यांवर एकदम कुऱ्हाड उचलली. घरभेटींना जावं, तर लोक माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्यावरून मागे बघत. चहा येई तो जाहिरातीत. प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले की एक डोळा मिटे. मला फार अपमान वाटायचा, आणि आपला अपमान हा देवाचा अपमान आहे असं समजायची सोय आमच्या धंद्यात असते. मी आठवडाभर उपदेश लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'ज्या घरात तो डबा बोलतो, त्या घरात देव गप्प बसतो.' वहीत त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. ती वही अजून आहे. दोन रेघांकडे बघून मला आता कसंनुसं होतं, जसं जुन्या फोटोत स्वतःच्या केसांच्या फुग्याकडे बघून होतं.

पुढच्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधीच वर्गाच्या दारात सगुणाबाई उभ्या राहिल्या. रोह्याच्या. साठी उलटलेल्या, विधवा, मूल नाही. आयुष्यभर सूतिकागृहात आया होत्या. मूळ गाव नगरकडचं, पण तीस वर्षांत बोलणं रोह्याचं झालेलं. त्यांच्या कमरेवर जुन्या लुगड्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं होतं. पहिल्या एसटीनं ते मांडीवर घेऊन आल्या होत्या. सरळ पुढे येऊन त्यांनी ते क्रूसाच्या टेबलाशेजारी ठेवलं आणि गाठ सोडली. आत टीव्ही. चौदा इंची, काळा-पांढरा.

"काढला घरातून," त्या म्हणाल्या. "आता सांगा, कुठं ठेवू?"

"तुम्ही विकायचा तरी, सगुणाबाई."

"इकला तर सैतान घेनाऱ्याच्या घरात जाईल ना. मग ते पाप कोनाचं? माझंच. तुमाला त्याला आवरता येतं, तुमी ठेवा."

या तर्कापुढे माझं पुण्याचं शिक्षण तोकडं पडलं. पण खरं सांगू का, तेव्हा मला तर्क वगैरे काही दिसला नाही. मला फक्त माझा विजय दिसला. मी सगळ्यांसमोर सगुणाबाईंचा हात धरून त्यांच्या विश्वासाबद्दल देवाचे आभार मानले. बाकीची मंडळी जमिनीकडे बघत होती. त्यांच्यातल्या कोणीही टीव्ही आणला नव्हता आणि आणणारही नव्हतं. मला वाटलं, त्यांना पश्चात्ताप होतोय. त्यांना सगुणाबाईंची कीव येत होती.

अशा रीतीनं सैतान आमच्या घरी राहायला आला. यांनी तो ट्रंकेवर ठेवला आणि मी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. पंधरा दिवस त्याला कोणी हात लावला नाही. मग एका दुपारी माझ्या मनात आलं की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे, ती बिघडली तर नाही ना, हे बघणं आपलं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हणून मी वायर लावली. गच्चीवर आधीच्या भाडेकरूचा अँटेना होता, तोही कर्तव्य म्हणून जोडला. पडद्यावर एक मोठं घर होतं, एक जिना होता आणि जिन्यावर एक थोरली सून रडत होती. टीव्ही चालू आहे, एवढं कळल्यावर मी तो बंद करायला हवा होता. पण ती का रडतेय हे न बघता बंद करणं मला निर्दयपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला.

डिसेंबर सगळा तपासण्यातच गेला. लेक शाळेत, दाराला कडी, आवाज एकदम बारीक, आणि मी जमिनीवर बसलेली, म्हणजे खिडकीतून दिसायला नको. मांडीवर नाताळच्या उपदेशाचे कागद असत. म्हणून त्या वर्षीच्या उपदेशात मरियेच्या सासरच्या माणसांबद्दल बराच मजकूर आला. शुभवर्तमानात तसा तो नाही. एकदा हे शिफ्ट संपवून लवकर घरी आले, कडी वाजवली, आणि मी दार उघडेपर्यंत पडदा विझला होता. यांनी टीव्हीच्या पाठीला हात लावून बघितला.

"गरम आहे," हे म्हणाले.

"ऊन येतं त्या बाजूला."

"व्हय, व्हय," हे खास पेणच्या लोकांसारखं म्हणाले. "मग काय झालं थोरल्या सुनेचं? कंपनीत सगळे विचारतात."

नाताळात आमची गाणाऱ्यांची फेरी रोह्यालाही गेली. सगुणाबाईंचं घर कुंडलिका नदीच्या बाजूला एका शेतकरी वस्तीच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेली पडवी. आम्ही ढोलकी घेऊन गेलो. दार उघडं होतं, कागदाची चांदणी टांगलेली होती, सगुणाबाई नवं लुगडं नेसून एकट्या बसल्या होत्या. आम्ही गायलो. त्यांनी करंज्या दिल्या. एवढ्या करंज्या एकटीनं कशाला केल्या असतील, असा विचारही मला शिवला नाही. उलट मी यांना वाटेत म्हणाले, "किती शांत झालंय ना त्यांचं घर." मागच्या नाताळात त्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतल्या सगळ्या बाया-पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि आमच्या गाण्यांवर टाळ्या वाजवत होती. मला वाटलं होतं, ती आमची गाणी ऐकायला आलीत.

जानेवारीत घरभेटीला गेले, तेव्हा कुठे डोळे उघडायला सुरुवात झाली. दुपार होती. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता, हवेत त्याचा हिरवट वास होता. सगुणाबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी "कशा आहात?" म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं, तर आवाजच उमटेना. दोनदा खाकरल्यावर आला.

"घसा धरलाय का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "वापर नाय."

एवढंच. गाऱ्हाणं नाही, काही नाही. उठून चहा ठेवायला गेल्या. चुलीत विस्तव नव्हता, सकाळपासून पेटलीच नव्हती असं दिसलं. मी बाहेर आले, तर कुंपणापाशी हिरा उभी होती. हिरा म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याची बायको, तिशीची, तोंडानं फटकळ. तिची तिन्ही मुलं सगुणाबाईंच्या हातावर जन्मलेली.

"तुमीच ना त्या?" हिरा म्हणाली. "आमचा टीव्ही नेलात तो?"

"तुमचा?"

"मंग कोनाचा? रोज दुपारी दहा-बारा बाया असायचो इथं. भिजवलेला वाल परातीत घेऊन यायचा, बघता बघता बिरडं सोलून व्हायचं. म्हातारी मधे बसायची. कोनाच्या पोराला ताप, कोनाचा नवरा पितो, सगळं तिला समजायचं. सांजच्याला कोनी ना कोनी तिला कालवन देऊन जायचं. आता बाया रस्त्यापलीकडं जातात, रंगीत टीव्हीवाल्याकडं. ते पायऱ्यांच्या वर येऊ देत नाय, पन बघाया मिलतं."

"मग तुम्ही सगुणाबाईंकडे तशाच का येत नाही? टीव्ही नसला म्हणून काय झालं?"

हिरानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला वाल सोलायचा कसा ते विचारलंय.

"घरात काम टाकून नुसतं बोलाया कोन जाऊ देतं, बाय? सासूला काय सांगायचं? टीव्ही बघाया जाते म्हटलं तर सासूपन येते."

धर्मशास्त्राच्या तीन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही पाळक लोक पडद्यावर काय चाललंय ते बघतो आणि नाक मुरडतो. पडद्यासमोर काय चाललंय ते बघत नाही. त्या पडवीत दहा-बारा परातींमध्ये वालाची सालं पडत होती, बोटं सुरकुतत होती, आणि एका निपुत्रिक म्हातारीभोवती रोज एक कुटुंब बसत होतं. सून रडली की सगळ्या रडत. हिरानं मला पुढे सांगितलं की ती थोरली सून मागे एकदा इस्पितळात होती तेव्हा बायांनी सगुणाबाईंना विचारलं होतं, "तुमची ती प्रार्थना असते ना, ती हिच्यासाठी कराल का?" आणि सगुणाबाईंनी पडवीत उभं राहून, वीज गेली असताना, सगळ्यांना डोळे मिटायला लावून प्रार्थना केली होती. हे ऐकून मी हसले असते. पण त्याच सुनेसाठी मीही एका दुपारी, भाजी चिरता चिरता, देवाजवळ शब्द टाकला होता. जी बाई जगातच नाही तिच्यासाठी आम्ही दोघींनी प्रार्थना केली, आणि जी चूल न पेटवता बसलीय तिच्यासाठी मी केली नाही, हा हिशेब मला तिथेच कुंपणापाशी उमगला.

मी आत गेले. "सगुणाबाई, टीव्ही परत घेऊन जा. पुढच्या रविवारी."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "नाय."

"अहो, मीच सांगतेय."

"तुमी उपदेशात सांगितलंत, काढा. मी काढला. आता चुलीजवळ बसून कानात सांगता, ठेवा. असं कसं? उपदेशात सांगा. सगल्यांच्या समोर. मग ठेवीन."

आली का पंचाईत. चाळिशीची ती बाई घाबरली. अकरा आणि चार घरांनी तिला पाळक म्हणून नुकतं कुठं गिळलं होतं. पुरुष पाळक चुकला तर माणूस चुकला असं म्हणतात. मी चुकले तर काय म्हणतील ते मला पाठ होतं. म्हणून मी मधली वाट काढली. पुढच्या रविवारी मी 'आधुनिक माध्यमे आणि विवेक' या विषयावर बोलले. त्यात संयम होता, समतोल होता, दोन ग्रीक शब्द होते. उपासनेनंतर सगुणाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आज काय बोललात ते मना नाय कललं," त्या म्हणाल्या. "काढा म्हनालात ते कललं होतं. तसं बोला." आणि रिकाम्या हातानं रोह्याची एसटी पकडायला गेल्या.

तो आठवडा मला जड गेला. टीव्ही लावला तरी त्यात मन लागेना. तो ट्रंकेवरून माझ्याकडे बघत होता. यांना म्हटलं, "मी माफी मागितली तर लोक मला पाळक म्हणून मानतील का?" हे डबा भरत होते. म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण तू नाही मागितलीस तर म्हातारी मानणार नाही. आणि मंडळीत तुझं ऐकणारी तेवढी एकच आहे." नवऱ्यानं असं बोलू नये, पण ते खरं होतं. मी गेले तर उरलेल्या चौदा घरांना दुसरा पाळक मिळाला असता आणि मोजायला मूर्तीही होत्या. सगुणाबाईंना दुसरी पडवी मिळणार नव्हती.

रविवारी मी कागद घेतलाच नाही.

"नोव्हेंबरात मी इथून सांगितलं की टीव्ही सैतान आहे," मी म्हटलं. "ते चूक होतं. सगुणाबाईंच्या घरी टीव्ही होता म्हणून माणसं होती. मी टीव्ही काढायला लावला, माणसं गेली. त्या दोन महिने एकट्या बसल्यात. हे पाप टीव्हीचं नाही, माझं आहे. मी त्यांची आणि देवाची क्षमा मागते." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा नळ सुटला की सुटतो. "आणि तो टीव्ही मी घरी कडी लावून रोज बघते."

 कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका नर्सबाईंचा आवाज आला, अगदी कळवळून, "पाळकबाई, गुरुवारी आमच्याकडं लाईट नव्हती. थोरल्या सुनेचं काय झालं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग मंडळीकडे. पंधराच्या पंधरा घरांचे चेहरे उत्तराची वाट बघत होते.

"शुद्धीवर आली," मी म्हटलं.

"आमेन," कोणीतरी म्हणालं, आणि मग जे हसू फुटलं ते कारखान्यातल्या कारागिरांनी माना वर करून बघितलं. त्या दिवसानंतर मला 'पाळकबाई' म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. मी ज्याला आदर समजत होते तो गेला आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्याला मी अजून नाव शोधतेय, पण ते ऊबदार असतं, एवढं माहीत आहे.

सगुणाबाई मात्र त्या दिवशीही रिकाम्या हातानंच निघाल्या. "मी आनला," त्या म्हणाल्या. "न्यायचा तुमी."

न्यायला मला सवड मिळाली ती नेमकी माघी गणपतीच्या तोंडावर. यांनी टीव्ही एका नव्या, लाल काठाच्या पंच्यात गुंडाळला आणि मला स्टँडवर सोडून शिफ्टला गेले. मी मांडीएवढं ते ओझं दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी. आजूबाजूला बघते तर सगळे तसेच उभे. त्या दिवसांत पेणच्या स्टँडवरून झाकलेल्या वस्तू घेऊन गावाला जाणारा प्रत्येक माणूस काय नेतो, हे सांगायला लागत नाही. एसटी आली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. एका माणसानं पुढची जागा सोडली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बाप्पाला खिडकीच्या बाजूला घ्या, धक्का लागंल."

मी बसले. आता सांगेन, मग सांगेन, असं करता करता वडखळ आलं. शेजारच्या म्हाताऱ्यांनी पंच्याला हात लावून तो कपाळाला लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "केवढी गो मूर्ती?"

"चौदा इंची," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"घरातली हाय म्हंजे. कनच्या कारखान्यातली?"

"मला सांभाळायला दिली होती. परत पोचवतेय."

नागोठण्याच्या अलीकडे एक खड्डा आला आणि पंच्याच्या टोकातून काळी वायर खाली लोंबली, प्लगसकट. त्या बाईनं प्लगकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टीव्ही आहे," मी म्हटलं. आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून पुढे म्हटलं, "आणि मी ख्रिस्ती पाळक आहे."

ती बाई इतकी हसली की तिच्या मांडीवरची खरी मूर्ती डुगडुगायला लागली आणि मी एका हातानं तिची मूर्ती धरली, दुसऱ्या हातानं माझा टीव्ही. गाडीत बातमी मागपर्यंत पोचली. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, "बाबा, माफ करा, मी आधीच सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "नमस्कार केला तो केला. आता परत कुठं घ्यायचा? ऱ्हाऊ दे." आणि जागेवरून उठायला मला कोणी सांगितलं नाही. रोह्यापर्यंत मी खिडकीशीच बसून गेले, वालाची शेतं बघत.

रोह्याच्या स्टँडवर हिरा आणि चार बाया हातगाडी घेऊन उभ्या होत्या. गाडीवर घोंगडी अंथरली होती. टीव्ही मधे ठेवला, बाया दोन्ही बाजूंनी, मी मागे. वाटेत कोणी विचारलं तर हिरा मोठ्यानं सांगायची, "आमचा टीव्ही पेनला गेला होता, शिकाया. पाळकबायनी परत आनलाय." रस्त्यापलीकडच्या त्या रंगीत टीव्हीच्या घरापुढे तिनं गाडी मुद्दाम हळू केली. त्या पायऱ्यांवर बसलेल्या तिघी आपापल्या पराती उचलून आमच्या मागे चालू लागल्या. तेवढ्या एका फेरीत मी जे यश बघितलं, ते पुढे कितीएक वर्षांच्या उपदेशांत मला मिळालं नाही.

सगुणाबाई पडवीत उभ्या होत्या. चूल पेटली होती, धूर दिसत होता. त्यांनी टीव्हीवरून पदराचं टोक फिरवलं, धूळ पुसल्यासारखं. डोळे ओले होते. हिराचा नवरा कौलांवर चढला अँटेना फिरवायला. मधल्या अंगणात उभं राहून आतलं वर आणि वरचं आत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"आला का?" तो वरून.

"आला का?" मी आत.

"मुंग्या हायत," आतून बाया.

"मुंग्या आहेत," मी वर.

मी आयुष्यात देवाचं माणसांना आणि माणसांचं देवाला सांगायचं काम केलं, पण इतक्या चोखपणे कधीच केलं नसेल. अर्धा तास हे चाललं. मान दुखली, घसा बसला. मग एकदम आतून दहा-पंधरा जणींचा एकच आवाज आला, आणि त्यामागून सनईचा, म्हणजे मालिकेचा. मी चपला काढल्या, पदर सावरला आणि ज्या घराला मी त्याची माणसं परत आणून दिली होती त्या घरात, मानानं, आत जायला निघाले. दारापर्यंत पोचले तर पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत बाया, पोरं, पराती, आणि मधोमध सगुणाबाई. त्यांनी पडद्यावरची नजर काढलीच नाही. हात तेवढा माझ्या दिशेनं हलवला आणि म्हणाल्या, "आत जागा नाय, पाळकबाय. उंबऱ्यावर बसा. आन पाय आवरून घ्या, मागून अजून येतायत."